ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस : मुलांचा डेंग्यू आणि मेंदू

(पावसाळ्यापूर्वी भरलेल्या शिक्षक, पंचायत सदस्य व पालक यांच्या मेळाव्यात एका वैद्यकीय अधिकाऱ्याने केलेले भाषण)



पावसाळा तोंडावर आला की आरोग्य खात्याच्या माणसाने गावोगावी जावे आणि डासांवर भाषण करावे, हा आता रिवाजच पडून गेला आहे. ते भाषण आपण इतक्या वेळा ऐकले आहे की, मी ते मध्येच थांबविले तर आपल्यापैकी कोणीही उठून ते पुरे करील. म्हणून आज मी डासांपासून आरंभ करीत नाही. डेंग्यूचा ताप लहान मुलांच्या मेंदूवर कसा आघात करतो, तो कधी करतो, आणि तो वेळीच ओळखण्याचे काम डॉक्टरांच्या आधी घरच्या माणसांनी व शिक्षकांनी कसे करावयाचे, एवढ्याच विषयावर मी बोलणार आहे.

ह्या विषयाकडे मी पुस्तकांतून वळलो नाही. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीने मला तिकडे वळविले. ती चूक आपणांस सांगितल्याशिवाय पुढे बोलण्याचा मला अधिकार नाही.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी एका ग्रामीण आरोग्य केंद्रावर काम करीत होतो. चतुर्थी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. तिसरीत शिकणाऱ्या एका मुलीला तिचे वडील व आजी घेऊन आली. चार दिवस ताप होता. रक्ताच्या तपासणीत डेंग्यू निघाला होता. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला म्हणून ती माणसे समाधानाने, केवळ मला दाखविण्यापुरती आली होती. प्लेटलेटची संख्या नव्वद हजारांच्या आसपास होती. ती चिंता करण्याजोगी नव्हती. रात्री तीन-चार उलट्या झाल्या, असे वडील म्हणाले. ‘भरपूर पाणी पाजा’ असे कोणीतरी सांगितल्यामुळे मुलीला तांब्यामागून तांब्या साधे पाणी पाजले जात होते. मी कागद पाहिले, छाती तपासली आणि घरी जाण्यास सांगितले.

आजी मात्र उठेना. ती म्हणाली, “डॉक्टर, ताप उतरला खरा, पण पोर आमची राहिलेली नाही. सकाळी देव्हाऱ्यासमोर बसून ‘देव कुठे आहेत’ म्हणून विचारीत होती. मला आई म्हणून हाक मारते.” मी हसून म्हटले, “आजी, चार दिवसांच्या तापाची ग्लानी आहे. झोपू दे तिला.”

त्याच रात्री आठच्या सुमारास त्या मुलीला आकडी आली. आकडी थांबली, पण शुद्ध आली नाही. घाटातल्या रस्त्याने मोठ्या रुग्णालयात पोहोचावयास तासाहून अधिक वेळ लागला. तेथे रक्त तपासले तेव्हा त्यातील सोडियम, म्हणजे मिठातला क्षार, फार उतरलेला आढळला. मेंदूला सूज आली होती. मुलगी वाचली, हे तिचे व आम्हा सर्वांचे भाग्य. परंतु पुढे वर्षभर तिची अक्षरे वाकडी येत असत, पाठ केलेले विसरत असे, आणि उजवा हात आजही किंचित मंद आहे. आजीने जे डोळ्यांनी पाहिले ते मी कागदांत पाहू शकलो नाही. मी मुलीचे हातपाय गार आहेत की काय, हेसुद्धा चाचपून पाहिले नव्हते. चूक माझी होती.

मित्रहो, त्या मुलीच्या शरीरात काय घडले ते आता शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगतो.

डेंग्यूचा विषाणू चार प्रकारांचा आहे. एका प्रकाराचा ताप येऊन गेल्यावर त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते. इतर तीन प्रकारांपासून मात्र टिकाऊ संरक्षण मिळत नाही. उलट दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराची लागण झाली तर आजार अधिक तीव्र होण्याचा संभव असतो. तेव्हा ‘आमच्या मुलाला एकदा डेंग्यू होऊन गेला, आता भीती नाही’ ही समजूत सोडून द्यावयास हवी.

ह्या आजाराच्या तीन अवस्था असतात. पहिली तापाची, ती दोन ते सात दिवस टिकते. ताप उतरू लागला की दुसरी अवस्था येते. सर्वच मुलांना ती जाणवते असे नाही, बहुतेक मुले सुखरूप बरी होतात. परंतु ज्यांना ती गाठते त्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि रक्तातील पातळ द्रव पोटात व छातीत झिरपू लागतो. रक्त दाट होते, नाडी क्षीण होते. ही अवस्था साधारणतः चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांची असते. त्यानंतरची तिसरी अवस्था बरे होण्याची. अन्य तापांत ताप उतरला की संकट टळले असे आपण समजतो, आणि पुष्कळदा ते खरेही असते. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खऱ्या पहाऱ्याची वेळ सुरू होते. आजच्या माझ्या बोलण्याचे सार हेच आहे.

आता ह्या सर्वांत मेंदूचा संबंध कोठे येतो? तो अनेक वाटांनी येतो. रक्तदाब घसरला म्हणजे मेंदूला पुरेसे रक्त मिळत नाही. मूल अस्वस्थ होते किंवा पेंगू लागते. वारंवार उलट्या होत असताना केवळ साधे पाणी पोटात जात राहिले तर रक्तातील सोडियम उतरते, मेंदूच्या पेशी पाणी शोषून फुगतात आणि आकडी येते. त्या मुलीच्या बाबतीत हेच घडले. विषाणूने यकृतावर मोठा आघात केला तर शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर टाकली जात नाहीत, रक्तातील साखर खाली जाऊ शकते, आणि दोहोंचा परिणाम मेंदूवर होतो. क्वचित कवटीच्या आत रक्तस्राव होतो. आणि शेवटची वाट म्हणजे विषाणूने प्रत्यक्ष मेंदूत शिरून दाह निर्माण करणे.

ह्या शेवटच्या वाटेविषयी वैद्यकशास्त्रात दीर्घकाळ मतभेद होते. डेंग्यूचा विषाणू मेंदूत शिरत नाही, मेंदूला होणारा त्रास हा इतर बिघाडांचाच परिणाम होय, असे पुष्कळांचे मत होते. आग्नेय आशियातील डॉक्टरांनी मुलांवर केलेल्या निरीक्षणांमुळे हे मत बदलले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण व्हिएतनाममधील एका अभ्यासात, मेंदू व मज्जासंस्थेच्या जंतुसंसर्गाचा संशय असलेल्या ३७८ रुग्णांपैकी १६ जणांना डेंग्यूची लागण असल्याचे आढळले. त्यांतील कित्येकांच्या अंगावर पुरळ किंवा रक्तस्राव अशी डेंग्यूची नेहमीची खूण नव्हती. त्याच देशात, रक्तस्रावी डेंग्यूने आजारी असलेल्या ५,४०० मुलांच्या दुसऱ्या एका पाहणीत २७ मुलांच्या मेंदूवर परिणाम झालेला दिसला. म्हणजे दोनशे मुलांत एक. प्रमाण लहान आहे, म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु ज्या घरातले ते एक मूल असते, त्या घराला प्रमाणाचा काहीच उपयोग नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली डेंग्यूचे नवे वर्गीकरण केले, तेव्हा शुद्धीत बिघाड होणे हे तीव्र डेंग्यूचे एक लक्षण म्हणून त्यात समाविष्ट केले.

तर मग पालकांनी पाहावयाचे काय? प्लेटलेटच्या आकड्याकडे सारे गाव पाहते. शेजारी विचारतो, “किती उतरल्या?” मामा दूरध्वनीवरून विचारतो, “किती चढल्या?” प्लेटलेट मोजणे अवश्य आहे, पण त्या आकड्यावरून मुलाचा मेंदू सुरक्षित आहे की नाही, हे कळत नाही. ते मुलाकडे पाहूनच कळते.

ताप उतरल्यापासून दोन दिवस पुढील गोष्टी लक्षपूर्वक पाहाव्यात. मूल नेहमीसारखे बोलते काय? आईला, आजीला ओळखते काय? आपले नाव, घर, शाळा नीट सांगते काय? तान्हे मूल नजर देते काय, अंगावर पिते काय? विनाकारण चिडचिड, किंचाळणे, असंबद्ध बोलणे, हाक मारूनही पुन्हापुन्हा पेंगणे, तीव्र डोकेदुखी, मान ताठणे, डोळे फिरविणे, हातापायांत झटके येणे, चालताना तोल जाणे ह्यांपैकी एकही गोष्ट दिसली तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. रात्रीही मुलाला एकदोनदा हलवून जागे करावे. गाढ झोप आणि ग्लानी ह्यांतला भेद तेवढ्याने कळतो. ह्याच्या जोडीला पोटात जोराची कळ, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, काळी शौचाला, गार पडलेले हातपाय, आणि सहा तासांत लघवी न होणे ह्याही धोक्याच्या खुणा आहेत.

घरी करावयाचे उपचार साधे आहेत. तापासाठी केवळ पॅरासिटामॉल, तेही मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, आणि दोन मात्रांत सहा तासांचे अंतर ठेवून द्यावे. ताप हटत नाही म्हणून दर दोन तासांनी औषध पाजल्यास आधीच दुखावलेल्या यकृतावर दुहेरी घाव बसतो. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, मेफेनॅमिक ॲसिड ही औषधे डेंग्यूच्या संशयात मुळीच देऊ नयेत. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. दुकानदाराकडून ‘ताप लवकर उतरविणारी’ बाटली आणताना तिच्यात ह्यांपैकी काही आहे काय, हे वाचून पाहावे. पाणी द्यावे, पण नुसते पाणी नव्हे. आपल्या घराघरांत होणारी मीठ घातलेली पातळ पेज, शहाळ्याचे पाणी, सरबत, आणि आरोग्य केंद्रात मिळणारी जलसंजीवनी ह्यांपैकी जे मूल घेईल ते घोटघोट द्यावे. पपईच्या पानांचा रस हल्ली फार बोकाळला आहे. उलट्या करणाऱ्या मुलाच्या घशाखाली तो कडू रस बळेच घालू नये, आणि त्याच्या भरवशावर रुग्णालयात जाणे तर कधीच लांबवू नये.

आकडी आली तर काय करावे, हे प्रत्येक शिक्षकाला व प्रत्येक आईला ठाऊक असलेच पाहिजे. मुलाला जमिनीवर एका कुशीवर निजवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत, भोवतालची टणक वस्तू दूर करावी आणि घड्याळाकडे पाहावे. दातांत चमचा घालू नये. तोंडात पाणी, औषध, साखर काहीही घालू नये. नाकाशी कांदा वा चप्पल धरू नये. हातपाय दाबून धरू नयेत. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला ताप चढताना थोडा वेळ आकडी येते आणि ते लवकरच शुद्धीवर येते, हा प्रकार पुष्कळांनी पाहिलेला असतो. तो बहुधा निरुपद्रवी असतो. तशा मुलालाही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. परंतु ताप उतरताना आलेली आकडी, मोठ्या मुलाला आलेली आकडी, पाच मिनिटांहून अधिक टिकलेली आकडी, किंवा जिच्यानंतर मूल शुद्धीवर येत नाही अशी आकडी ही वेगळी समजावी आणि तत्काळ १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. दृष्ट काढणे, देवळात कौल लावणे ह्यांवर आपली श्रद्धा असेल तर तिला माझा विरोध नाही. देवाला उशीर झालेला चालतो. मेंदूला चालत नाही. आधी रुग्णालय, मग कौल.

रुग्णालयात अनेक तपासण्या करतात, आणि पालकांना वाटते की विनाकारण वेळ चालला आहे. तसे नसते. ताप आणि बेशुद्धी ही जोडी मेंदूच्या मलेरियातही आढळते, जपानी मेंदूज्वरातही आढळते, जंतूंमुळे होणाऱ्या मेंदूच्या आवरणाच्या दाहातही आढळते. ह्यांतील काहींवर नेमकी औषधे आहेत, ती चुकता कामा नयेत. डेंग्यूच्या विषाणूवर असे नेमके औषध नाही. रक्तदाब सांभाळणे, द्रव मोजून देणे, साखर व सोडियम जागेवर आणणे, मेंदूची सूज उतरविणे आणि आकडी थांबविणे हाच उपचार होय, आणि तो वेळेवर मिळाला तर पुष्कळ मुले पूर्ववत होतात. म्हणूनच ‘औषधच नाही, तर जाऊन काय उपयोग’ हा युक्तिवाद चुकीचा आहे. शिरेतून द्यावयाचे पाणी कमी पडले तरी घात होतो, अधिक झाले तरी घात होतो. म्हणून ‘एक सलाईन लावा आणि घरी सोडा’ असा आग्रह पालकांनी धरू नये आणि डॉक्टरांनी तो मानू नये.

आता शिक्षकबंधूंना व भगिनींना दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट हजेरीची. ताप उतरला की दुसऱ्याच दिवशी मुलाला शाळेत धाडण्याची आपल्याकडे घाई असते. चाचणी परीक्षा असते, हजेरीचे बक्षीस असते, आईवडिलांना कामावर जावयाचे असते. म्हणजे जे दोन दिवस मुलाने नजरेखाली राहावयाचे, नेमक्या त्याच दिवशी ते चाळीस मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर पेंगत बसलेले असते. डेंग्यूच्या दिवसांत तापाने गैरहजर राहिलेल्या मुलाची हजेरी व चाचणी ह्यांबाबत सवलत द्यावी, अशी माझी मुख्याध्यापकांना व शिक्षणाधिकाऱ्यांना नम्र विनंती आहे. आणि तापातून उठलेले मूल वर्गात पेंगताना, फळ्यावरचे चुकीचे उतरविताना किंवा ओळखीच्या मित्राला परक्यासारखे वागविताना दिसले, तर त्याला आळशी म्हणून उभे करू नये. घरी निरोप पाठवावा आणि आरोग्य केंद्राला कळवावे.

दुसरी गोष्ट आजारानंतरची. मेंदूवर आघात होऊन बऱ्या झालेल्या मुलाला काही महिने विसरणे, चिडणे, अक्षर बिघडणे असे त्रास होऊ शकतात. मी सांगितलेल्या त्या मुलीच्या बाईंनी तिला पुढच्या बाकावर बसविले, लिहावयाचे निम्मे केले आणि तोंडी प्रश्न विचारले. तिच्या सुधारणेत माझ्या औषधांपेक्षा त्या बाईंचा वाटा मोठा होता, असे मी प्रामाणिकपणे मानतो.

आणखी एक सूचना पालक व अधिकारी ह्या दोघांसाठी. क्वचित डेंग्यूचा ताप जाऊन एकदोन आठवडे लोटल्यावर मुलाच्या पायांतली शक्ती जाऊ लागते, आणि हा लुळेपणा वर चढत जातो. मज्जातंतूंना किंवा मज्जारज्जूला झालेल्या दाहामुळे असे घडते. श्वासाचे स्नायू दुबळे पडले तर जिवावर बेतते. म्हणून त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. पंधरा वर्षांखालील मुलाला एकाएकी आलेला लुळेपणा, तो कोणत्याही कारणाने असो, आरोग्य खात्यास कळविणे आवश्यक आहे. भारतासह आग्नेय आशिया विभाग २०१४ साली पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला असला तरी ही पाहणी चालूच आहे.

अखेर डासांचे भाषण टळत नाहीच. पण थोडक्यात आटोपतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी. म्हणजे मूल शाळेत किंवा अंगणात असते तेव्हा. जपानी मेंदूज्वराचा डास भातशेतीच्या पाण्यात वाढतो व संध्याकाळनंतर चावतो. हे दोन निरनिराळे शत्रू आहेत, आणि एकाची लस दुसऱ्यापासून संरक्षण करीत नाही. डेंग्यूचा डास आपल्या घरातच जन्मतो : पिंपात, उघड्या टाकीत, गुरांच्या डोणीत, करवंटीत, टाकून दिलेल्या टायरात, फुलदाणीत, शीतकपाटाच्या मागच्या ताटलीत. अंड्यापासून डास होण्यास सात ते दहा दिवस पुरतात; म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून कोरडी ठेवावीत. नुसती ओतू नयेत, काथ्याने घासावीत. कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही अनेक महिने तग धरतात. चतुर्थीसाठी उघडावयाची आणि एरवी बंद असणारी गावची घरे, तेथील शौचालयाच्या टाक्या, तसेच बांधकामांवरील साचलेले पाणी ह्यांकडे पंचायतींनी विशेष लक्ष पुरवावे. शाळेची टाकी कोणी तपासावयाची, हे आजच ठरवून नाव लिहून ठेवावे. ‘सर्वांचे काम’ हे कोणाचेच काम नसते.

मित्रहो, त्या आजी आता हयात नाहीत. पुढे एकदा त्या केंद्रावर आल्या होत्या. त्यांनी मला दोष दिला नाही, फक्त म्हणाल्या, “आमचे ऐकत जा.” तेव्हापासून कोणत्याही मुलाला घरी सोडताना मी आईला किंवा आजीला एक प्रश्न विचारतो : “हे मूल तुम्हांला तुमच्या नेहमीच्या मुलासारखे वाटते काय?” उत्तर ‘नाही’ असे आले, तर कागदावरचे आकडे कितीही चांगले असोत, मी त्या मुलाला ठेवून घेतो. येथे बसलेल्या माझ्या सहकारी डॉक्टरांनी व परिचारिकांनी हा प्रश्न विचारावा. आणि येथे बसलेल्या माताभगिनींनी, कोणी विचारले नाही तरी, त्याचे उत्तर मोठ्याने द्यावे, आणि कोणी हसले तरी आजींसारखे जागेवरून उठू नये.